लूम घेण्याआधी एक कागद घ्या

जळगावच्या एमआयडीसीतली चटई, पाइप, डाळवाली मंडळी मला बोलावतात तेव्हा निरोपाची चाल ठरलेली असते. "ताई, ऑर्डर वेळेवर निघत नाहीये. दोन लूम वाढवायचे म्हणतोय. जरा येऊन बघता का?" मी जाते, पण लूमकडे, म्हणजे विणायच्या मशीनकडे, सगळ्यात शेवटी बघते. आधी डिस्पॅचच्या दारात उभी राहते आणि तिथून मालाच्या मागे उलटी चालत प्लास्टिकच्या दाण्याच्या गोदामापर्यंत पोचते. हातात पॅड, पेन्सिल आणि खोडरबर. त्या चालण्यातून जो कागद तयार होतो तो म्हणजे व्हॅल्यू स्ट्रीम मॅप. माल कुठून कुठे जातो, मध्ये किती दिवस पडून राहतो, आणि काय बनवायचं हे कोण कोणाला सांगतं, एवढंच त्यात असतं.

पद्धत मूळची टोयोटाची. तिथे तिला माल आणि माहिती कशी वाहते त्याचं चित्र, इतकंच म्हणत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेतून आजच्या नावाने जगभर पसरली. गाड्यांच्या कारखान्यातली गोष्ट आपल्या चटईला कशाला, असं इथे पुष्कळांना वाटतं. माझं मत बरोबर उलटं आहे. मोठ्या कारखान्यात निदान सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडे अर्धा कारखाना शेठच्या डोक्यात आणि उरलेला त्यांच्या मोबाइलमध्ये. कागदाची गरज आपल्यालाच जास्त.

खाली चटईच्या कारखान्याचं एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेते. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुमचे तुम्हालाच मोजावे लागतील.

ज्यांनी चटई बनताना पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. प्लास्टिकचा दाणा आणि मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा घट्ट दाणा, एक्सट्रूडरमध्ये जातो; ते प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणारं मशीन. तिथून बारीक पोकळ नळी निघते, पाण्यात गार होते, ताणली जाते आणि बॉबिनवर, म्हणजे रिळावर, गुंडाळली जाते. बॉबिन लूमवर चढते. विणलेली चटई कापून शिलाईला जाते, तिथे तिच्या कडेला पट्टी लागते. मग घडी, पॅकिंग, गोदाम, ट्रक.

एकच माल निवडा

सगळा कारखाना एका कागदावर काढायला बसलात तर दुपारपर्यंत कागद फाडून टाकाल. आधी एक तक्ता करा: डावीकडे तुमचे सगळे प्रकार, वर सगळी मशीन, आणि कोणता प्रकार कुठून जातो तिथे बरोबरची खूण. ज्यांच्या खुणा जवळपास सारख्या, ते एक कुटुंब. त्यातलं जास्त खपणारं घ्या. आपण घेऊ ४ बाय ६ फुटी दोनरंगी चटई.

मागणीचा आकडा उत्पादनाच्या रजिस्टरमधून घेऊ नका, बिलांमधून घ्या. रजिस्टर सांगतं तुम्ही काय बनवलं. गिऱ्हाइकाने काय नेलं ते बिल सांगतं. शेठला तोंडी विचारलं तर ते त्यांच्या सगळ्यात चांगल्या महिन्याचा आकडा सांगणार, त्यात त्यांचा दोष नाही, सगळ्यांना तोच लक्षात राहतो. लग्नसराईची मागणी आणि भर पावसाळ्यातली मागणी यांची सरासरी काढून काही उपयोग नाही. पुढचे तीन महिने कोणते आहेत ते बघा आणि त्यांचा आकडा घ्या. आपल्या उदाहरणात महिन्याला १२,००० चटया, कामाचे २५ दिवस, म्हणजे रोज ४८०.

उलटं चाला

दाण्याच्या गोदामापासून सुरुवात केली की मॅनेजर तुमच्या पुढे चालायला लागतो आणि "हे इथून असं जातं" म्हणून कारखाना जसा असायला हवा तसा दाखवतो. डिस्पॅचपासून उलटं निघालं की त्याची ती टेप चालत नाही. प्रत्येक ढिगाजवळ थांबून तुम्ही एकच विचारता, "हा आला कुठून आणि कधी?" एकदा मी बांधून ठेवलेल्या चटयांच्या थप्पीजवळ असंच विचारलं, तर मॅनेजरने तोंड उघडायच्या आत पारोळ्याकडचा एक हमाल म्हणाला, "परवाना माल शे ताई, आज बी आठेच पडेल शे." म्हणजे परवाचा माल, आजही इथेच पडलेला. मॅनेजरच्या कागदावर तो माल गेलेला होता.

सगळं चित्र एकाच दिवशी काढा. सोमवारी शिलाई आणि गुरुवारी लूम, असं केलं तर तो नकाशा कुठल्याच दिवसाचा होत नाही. मे महिन्यात करणार असाल तर सकाळी सातला सुरू करा. दुपारी पत्र्याखाली तुम्हीही चिडता आणि उत्तरं देणाराही. आणि रात्रपाळीला एक फेरी मारल्याशिवाय नकाशावर शेवटचा हात फिरवू नका. दिवसा सांगितलेल्या निम्म्या गोष्टी रात्री वेगळ्या असतात.

कागद ए-थ्री आडवा. वर उजव्या कोपऱ्यात गिऱ्हाईक, वर डाव्या कोपऱ्यात दाणा पुरवणारा, वर मधोमध ऑफिस. खाली डावीकडून उजवीकडे एकेका कामाचा चौकोन. कॉम्प्युटर नको. शेठचा मुलगा इंजिनिअर असेल तर तो लॅपटॉप उघडतोच. त्याला सांगा, पेन्सिलीचा नकाशा पुरा झाला की मग तुझा. स्क्रीनवर काढलेली रेघ खोडायला माणूस कचरतो, कारण ती छान दिसते.

चौकोनात काय लिहायचं

प्रत्येक चौकोनाखाली: एका नगाला लागणारा वेळ, एका प्रकारावरून दुसऱ्यावर जायला लागणारा वेळ, मशीन प्रत्यक्षात किती टक्के चालू असतं, माणसं किती, शिफ्ट किती, खराब किती निघतं.

घड्याळ लगेच बाहेर काढू नका. शिलाईच्या बायकांसमोर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभं राहिलं की दोनपैकी एक होतं: हात एकदम भरभर चालतात, नाहीतर एकदम सावकाश. दोन्ही आकडे खोटे. आधी दहा मिनिटं बोला. माल मोजतेय, तुम्हाला नाही, हे नीट सांगा. नकाशावर कुणाचंही नाव लिहू नका, आणि हेही त्यांना दाखवा. मग सलग दहा नगांचा वेळ घेऊन दहाने भागा.

आपल्या कारखान्याचे चौकोन असे भरले: एक्सट्रूडरवर एका चटईपुरती नळी निघायला २ मिनिटं, दोन शिफ्टमध्ये मिळून कामाचे २२ तास, त्यातला दहावा हिस्सा मशीन बंद, आणि रंग बदलायला अडीच तास. लूम सहा, एका लूमवर एक चटई १० मिनिटांत, तारा तुटणं आणि दुरुस्ती वजा जाता ८० टक्के वेळ चालू, कामाचे तास तेवढेच २२. शिलाईची चार मशीन, एका चटईला ३ मिनिटं, पण शिफ्ट एकच, साडेसात तासांची. घडी-पॅकिंग १ मिनिट.

त्रिकोण: नकाशाचा जीव इथे आहे

दोन चौकोनांच्या मध्ये जिथे जिथे माल थांबलाय तिथे त्रिकोण काढायचा आणि त्याखाली नग लिहायचे. अंदाजाने नाही, मोजून. बॉबिनचे नग चटईत बदला, दाण्याचे किलोही चटईत बदला; आपण एका चटईला एक किलो दाणा धरू. मग प्रत्येक आकड्याला रोजच्या मागणीने भागा. भागाकार येतो तो दिवस. ही काही आमची गावठी युक्ती नाही. थांबलेला माल म्हणजे मालाचा वेग गुणिले थांबायचा वेळ, हे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध करून ठेवलंय. म्हणून ढीग बघितला की मी दिवस वाचते.

दाणा ७,२०० किलो: १५ दिवस. एक्सट्रूडर आणि लूम यांच्या मध्ये ४,८०० चटयांची नळी: १० दिवस. लूम आणि शिलाईच्या मध्ये १,९२० चटया: ४ दिवस. शिलाई आणि पॅकिंगच्या मध्ये ९६०: २ दिवस. तयार माल ३,८४०: ८ दिवस.

आता कागदाच्या तळाशी किल्ल्याच्या तटासारखी वर-खाली जाणारी रेघ मारा. वरच्या पायरीवर थांबल्याचे दिवस, खालच्या पायरीवर हात लागल्याची मिनिटं. वरची बेरीज ३९ दिवस. खालची २ अधिक १० अधिक ३ अधिक १, म्हणजे १६ मिनिटं. आज गेटमधून आत आलेला दाणा साधारण ३९ कामाच्या दिवसांनी चटई होऊन बाहेर जाणार, आणि त्यात त्याच्यावर काम होणार १६ मिनिटं. हा आकडा ऐकून शेठ हसतात, मग म्हणतात चुकला असेल. तेव्हा त्यांना घेऊन परत मोजायचं. मी प्रत्येक ठिकाणी हेच करते, कारण स्वतः न मोजलेल्या आकड्यावर कोणी पैसे लावत नाही.

इथे डाळमिलवाल्यांसाठी एक आडवाट. थांबलेला सगळा माल वाया, असं काही सल्लागार सांगत फिरतात. ते तुरीच्या मिलमध्ये सांगून बघा. रोलवर घासलेल्या तुरीला तेल लावून ढीग करून मुरायला ठेवतात, नंतर उन्हात वाळवतात. साल सुटायला तो वेळ लागतोच. नंदुरबारच्या पथारीवर पसरलेली लाल मिरचीही पडूनच असते, पण वाळत असते. असा वेळ तटाच्या खालच्या पायरीवर, कामाच्या वेळेत लिहा. ओळखायची खूण सोपी: उद्या हा वेळ निम्मा केला तर माल बिघडेल का? बिघडणार असेल तर ते काम आहे. वाळलेली तूर मात्र मिल रिकामी व्हायची वाट बघत पोत्यात चार दिवस पडली असेल, तर ते नुसतं पडणं आहे, ते वरच्या पायरीवर. त्याच वाळवणाच्या ओट्यावर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असतात आणि लांबून सारख्याच दिसतात, म्हणून जवळ जाऊन विचारावं लागतं.

आता वरची रेघ

बहुतेक लोक खालचा माल काढून थांबतात. मी म्हणते, वेळ कमी असेल तर खालचं थोडं कच्चं राहिलं तरी चालेल, वरचं सोडू नका. वरचं म्हणजे माहिती. तोंडी किंवा कागदी निरोप सरळ रेघेने, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप मोडलेल्या रेघेने. ती काढण्यासाठी एकच प्रश्न घेऊन फिरायचं: "उद्या काय बनवायचं हे तुला कोण सांगतं?"

आपल्या कारखान्यात उत्तरं अशी आली. शेठना व्यापाऱ्यांचे फोन येतात, ते डायरीत लिहितात. डायरी गाडीत असते. मॅनेजरला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते, पण ती "आधी हे काढा" अशी असते, सगळी नसते. एक्सट्रूडरवाला म्हणाला, "जो मास्टरबॅच हातमा शे, तोच रंग चालस ना ताई." लूमचा सुपरवायझर समोर जी बॉबिन दिसते ती चढवतो. शिलाईच्या बायका सोप्या चटया आधी घेतात. डिस्पॅचवाला ट्रक कुठल्या गावाला चाललाय त्यावर ठरवतो. एका छपराखाली सहा वेगवेगळी वेळापत्रकं, आणि सगळे आपापल्या परीने प्रामाणिक. कोणी कामचुकार नाही. हे कागदावर आलं की एकमेकांवर ओरडणं आपोआप कमी होतं, कारण प्रत्येकाला दिसतं की समोरच्यालाही कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

ही सहा उत्तरं नकाशावर जशीच्या तशी लिहा, सभ्य करून लिहू नका.

कागद वाचायचा कसा

पहिला हिशोब टॅक्टचा, म्हणजे गिऱ्हाईक किती वेळाला एक नग मागतंय. लूमसाठी २२ तास म्हणजे ७९,२०० सेकंद, भागिले ४८०: १६५ सेकंद. दर पावणेतीन मिनिटांनी एक चटई पडली की पुरे. शिलाई एकाच शिफ्टची असल्यामुळे तिथे २७,००० भागिले ४८०, म्हणजे ५६ सेकंद. शिफ्ट वेगळी की टॅक्ट वेगळा, हे विसरू नका.

आता लूम. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, सहा लूम, ८० टक्के चालू: १२५ सेकंदाला एक चटई. हवी होती १६५ सेकंदाला. म्हणजे लूम पुरून उरतात! मग ऑर्डर का राहते? सहाच्या सहा चालतात तेव्हाचा हा हिशोब आहे. मी तिथे उभी होते तेव्हा दोन लूम बंद होते, मशीन ठणठणीत, ऑपरेटर हजर, आणि लाल बॉबिन नव्हती. चार लूमवर हिशोब करा: १८७ सेकंद. गिऱ्हाइकाच्या मागे पडलात. शेठ दोन नवे लूम मागत होते, आणि बरोबर दोनच लूम त्यांच्याच शेडमध्ये उभे होते. नवे दोन आणले असते तर तेही लाल बॉबिनची वाट बघत उभे राहिले असते. पाटाच्या टोकाच्या शेतकऱ्याने मोठी मोटर बसवली म्हणून गिरणेचं पाणी त्याच्यापर्यंत लवकर येत नाही. वर कुठलं दार अडलंय ते चालत जाऊनच बघावं लागतं.

आणि गंमत अशी की लूमच्या मागेच दहा दिवसांची नळी पडलेली. भरपूर माल, पण हवा तो रंग नाही. ते कशामुळे? रंग बदलायला अडीच तास लागतात म्हणून एक्सट्रूडरवर एकदा रंग लागला की तीन दिवस तोच चालतो. रंग पाच. म्हणजे लाल रंग एकदा लागला की पुन्हा लागायला पंधरा दिवस.

इथे पेन्सिल खाली ठेवून एक गुणाकार करा, जो त्या कारखान्यात कोणी केला नव्हता. ४८० चटयांची नळी, २ मिनिटांनी, म्हणजे १६ तास. कामाच्या २२ तासांतून बंदचा दहावा हिस्सा गेला तर २० तासांना थोडे कमी उरतात. म्हणजे रोज जवळपास चार तास हातात आहेत. पाच रंग बदलायला लागतात साडेबारा तास. रोजचे ते चार तास रंग बदलायला वापरले तर पाचही रंग साडेतीन दिवसांच्या आत एकदा फिरून येतात. एक रुपया न घालता, पंधरा दिवसांचे साडेतीन. भीती होती ती "रंग बदलला की उत्पादन बुडतं" याची, आणि ती भीती कोणी आकड्यात मांडली नव्हती.

प्रत्येक बदलाला मशीनमधला जुना रंग ढकलून काढावा लागतो, त्यात माल वाया जातो, हा ऑपरेटरचा मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावू नका. त्यावर उपाय क्रमाचा: फिकटाकडून गडदाकडे जा, पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, काळा, आणि मोठी सफाई काळ्यावरून पांढऱ्यावर येताना एकदाच. शिवाय त्या अडीच तासांत मशीन बंद ठेवूनच करायची कामं कोणती आणि आधी उरकता येणारी कोणती, ते वेगळं करा. मास्टरबॅच तोलणं, जाळ्या काढून ठेवणं, पाने-स्पॅनर शोधणं, हे सगळं आधीचा रंग चालू असताना होतं. अडीच तासांतला बराचसा वेळ स्पॅनर कुणाकडे आहे यात जातो, हे तिथे पूर्ण बदल उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. मोबाइलवर त्याचं शूटिंग करा आणि ऑपरेटरांनाच दाखवा. ते स्वतःच यादी करतात, तुम्हाला बोलावं लागत नाही.

शिलाईचं कोडं वेगळं होतं. चार मशीन, १८० सेकंद, म्हणजे ४५ सेकंदाला एक चटई. हवी ५६ ला. क्षमता आहे, तरी समोर चार दिवसांचा ढीग. ढीग वरून मोजला तर कळत नाही, उलगडून बघितला तर कळतं: तळाशी सगळ्या हिरव्या पट्टीच्या. एका बाईने सरळ सांगितलं, "ताई, दोरा बदलामा मन्ह्या दोन चटया जातस, त्यास्ना पैसा कोन दी?" पैसे नगावर मिळतात. दोरा आणि पट्टीचा रोल बदलण्याचे मिळत नाहीत. म्हणून सगळ्या आधी निळ्या पट्टीच्या उरकतात, हिरव्या खाली जातात, आणि व्यापाऱ्याची अडलेली ऑर्डर नेमकी हिरव्याची असते. मॅनेजर याला शिस्तीचा प्रश्न म्हणत होता. हा मजुरीच्या दराचा प्रश्न आहे. मी सुचवते ते असं की प्रत्येक बदलाला दोन चटयांचे पैसे द्या आणि चटया लूमवरून आल्या त्याच क्रमाने घ्यायला लावा. नुसता क्रम लादला आणि पैसे दिले नाहीत, तर आठवड्याभरात ढीग होता तिथेच येतो.

दुसरा कागद

पहिल्या नकाशावर जिथे जिथे दुखतंय तिथे लाल पेनने स्फोटाची खूण करा आणि मग दुसरा कोरा कागद घ्या. त्यावर सहा महिन्यांनी कारखाना कसा चालावा ते काढायचं. स्वप्न नको, याच मशीनवर.

पहिली गोष्ट: वेळापत्रक एकाच ठिकाणी द्या. इथे ते ठिकाण लूम. रोज संध्याकाळी मॅनेजर दुसऱ्या दिवशीची यादी लूमच्या फळ्यावर लिहील, बाकी कोणालाही यादी नाही. मागच्या एक्सट्रूडरला रॅक सांगेल, पुढच्या शिलाईला रांग सांगेल.

रॅक म्हणजे बॉबिनसाठी पाच कप्पे, एका रंगाला एक, आणि प्रत्येक कप्प्यावर ऑइल पेंटचा लाल पट्टा. बॉबिन पट्ट्याखाली गेल्या की तो रंग पुढच्या फेरीत घ्यायचा. भरलेल्या कप्प्याचा रंग काढायचा नाही, मशीन रिकामं राहिलं तरी चालेल. हे शेवटचं वाक्य शेठच्या गळी उतरवणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. उभं मशीन त्यांना दिसतं, पडलेला माल दिसत नाही. पट्टा कुठे मारायचा? रंग फिरून यायला साडेतीन दिवस लागतात, तेवढ्यात त्या रंगाची जितकी नळी खपते त्याच्या थोडा वर. जास्त खपणाऱ्या रंगाचा पट्टा उंच, कमी खपणाऱ्याचा खाली. सगळे एका उंचीवर मारू नका.

लूम आणि शिलाईच्या मध्ये जमिनीवर पिवळी लेन आखा, एका बाजूने भरायची, दुसऱ्या बाजूने उचलायची, दीड दिवसाच्या मालाइतकीच लांब. लेन भरली की लूमने थांबायचं आणि सुपरवायझरने शिलाईत जाऊन काय अडलंय ते बघायचं. शून्य करायच्या मागे लागू नका. लूम रात्रीही चालतात आणि शिलाई फक्त दिवसा, म्हणून सकाळी तिथे रात्रीचा माल असणारच.

दाण्याची गाडी आठवड्याला बोलावता आली तर १५ चे ७ दिवस होतात. भाव चढणार म्हणून शेठ जास्त भरून ठेवत असतील तर ठेवू दे, तो व्यापाराचा निर्णय आहे, पण तो "भावासाठी" असं त्रिकोणाखाली लिहा, म्हणजे तो उत्पादनाच्या नावावर खपत नाही.

नवा तट असा: दाणा ७, बॉबिन ४, लेन दीड, पॅकिंगआधी अर्धा, तयार माल ४. एकूण १७ दिवस. पूर्वीच्या ३९ मधून २२ दिवस गेले. रोजचे ४८० किलो, गुणिले २२, म्हणजे साडेदहा टनांच्या आसपास माल. दाणा शंभर रुपये किलो धरला तर साडेदहा लाख रुपये जमिनीवरून उठून खात्यात येतात, कॅश क्रेडिटवरचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावरचं, व्याज तेवढं कमी. शेठशी बोलताना लीन (पडून राहणं आणि वाया जाणं कमी करायच्या या पद्धतीचं नाव), टॅक्ट वगैरे शब्द मी वापरत नाही, हा आकडा वापरते. शक्य असेल तर त्यांच्या सीएलाही बसवते.

बाहेरचा सल्लागार घ्यायचा असेल तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची लीन योजना आहे, त्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. पण पहिला नकाशा तरी स्वतः काढा. तो काढण्यातच निम्मं काम होतं, आणि सल्लागार आला की त्याला काय विचारायचं तेही कळतं.

कामाला लागताना

दुसरा नकाशा शिफ्ट सुरू होते त्या जागी भिंतीवर लावा, ऑफिसात नको. शेजारी तीन रकाने: काय, कोण, कधीपर्यंत. सगळं एकदम सुरू करू नका. मी रॅकपासून सुरू करते, कारण पट्टा मारायला डबाभर रंग लागतो आणि उभे लूम लगेच चालू होताना दिसतात, त्यामुळे बाकीच्यांना धीर येतो. मग रंगबदल, मग शिलाईचा दर, दाण्याची गाडी शेवटी. शनिवारी पंधरा मिनिटं नकाशासमोर उभं राहून रकाने बघायचे. खुर्च्या आणल्या की ती मीटिंग होते आणि चहा येतो.

तीन महिन्यांनी पुन्हा डिस्पॅचपासून चालून ढीग मोजा. लेनबाहेर माल दिसायला लागला असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: शेठचा फोन. जुना व्यापारी, नात्यातलं लग्न, "माझी तेवढी आज काढा." हे बंद होणार नाही आणि व्हायलाही नको, धंदा माणसांवर चालतो. त्यासाठी मी शेठच्या हातात आठवड्याला दोन लाल कार्डं देते. तातडीचं काम आलं की कार्ड लूमच्या फळ्यावर लावायचं, त्या दिवशी ते सगळ्यांच्या पुढे. दोन्ही कार्डं फळ्यावर लागलेली असताना तिसरी तातडी आली, तर आधीच्या दोनपैकी कुठली मागे टाकायची ते शेठनी स्वतः फळ्याजवळ येऊन सांगायचं. फोनवर नाही.